रिकाम्या हाताने परत येण्याची मुभा

टीव्हीवरच्या बहुतेक तथ्याधारित कार्यक्रमांचा जन्म एका पानभर कल्पितातून होतो. हे पान म्हणजे प्रस्ताव. वाहिनीच्या कमिशनिंग एडिटरपुढे, म्हणजे कार्यक्रमाला मंजुरी देणाऱ्या माणसापुढे, तो ठेवायचा असतो. ज्या माणसांना अजून कोणी धड भेटलेलंही नाही, त्यांच्या आयुष्यात येत्या चार महिन्यांत काय घडणार आहे, हे त्यात ठामपणे लिहिलेलं असतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी बापलेकांची दिलजमाई होईल. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घरातली माणसं खचलेली दिसतील. टोळीचा म्होरक्या पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर तोंड उघडेल. एवढ्या खात्रीने तर ज्योतिषीही बोलत नाहीत.

पैसे या पानावर मंजूर होतात. मग एका माणसाच्या हाती कॅमेरा देऊन सांगितलं जातं, जा आणि हे घडताना टिपून आण. या माणसाला धंद्यात ‘पीडी’ म्हणतात, म्हणजे प्रोड्युसर-डायरेक्टर. विषय शोधणं, माणसं राजी करणं, चित्रीकरण करणं, प्रश्न विचारणं आणि शेवटी त्या सगळ्याची गोष्ट करणं हे तिचं काम. (मी ‘तिचं’ म्हणते आहे, कारण या कामात बाया पुष्कळ आहेत आणि श्रेयनामावलीकडे कोणी बघत नसल्याने ते कोणाला ठाऊक नसतं.)

आता प्रश्न असा, की बाहेर गेलेल्या पीडीला कागदावर लिहिलेलं काही दिसलंच नाही तर? बापलेक अबोलच राहिले, म्होरक्या भेटलाच नाही, तर परत येऊन ‘नाही मिळालं’ असं म्हणायची मुभा तिला आहे का? पडद्यावरच्या खरेपणाचा सगळा वाद, माझ्या मते, शेवटी या एका मुभेपाशी येऊन थांबतो. आचारसंहिता आणि प्रशिक्षणवर्ग हे सगळं त्यानंतर. जिची पुढच्या महिन्याची कमाई ‘मिळालं’ म्हणण्यावर टांगलेली आहे, तिच्याकडून ‘नाही मिळालं’ ऐकायची अपेक्षा ठेवणं हा भोळेपणा आहे. बहुतेक वेळा तर तो भोळेपणाही नसतो, सोयीची डोळेझाक असते.

१९९६ साली ब्रिटनच्या आयटीव्हीवर ‘द कनेक्शन’ नावाचा माहितीपट दाखवला गेला. कोलंबियातल्या काली शहरातून लंडनपर्यंत हेरॉइन पोचवणारा नवा मार्ग त्यात उघड केल्याचा दावा होता. त्याचं कौतुक झालं, पारितोषिकं मिळाली. दोन वर्षांनी ‘गार्डियन’ने शोध घेतला, तेव्हा त्यातले कळीचे प्रसंग बनावट निघाले. अंमली पदार्थांच्या बड्या म्होरक्याची गुप्त ठिकाणी घेतलेली म्हणून दाखवलेली मुलाखत हॉटेलच्या खोलीत झालेली होती. प्रसारण नियामकाने तो माहितीपट करणाऱ्या कार्लटन या कंपनीला २० लाख पौंडांचा दंड ठोठावला.

अशा प्रकरणात बोट सहसा एका माणसाच्या स्वभावाकडे जातं. तो खोटारडा होता, त्याला हाकला, प्रश्न मिटला. खोट्याची पाठराखण मला करायची नाही. पण कोणी मागितलंच नसतं, तर ते खोटं तयार कशाला झालं असतं? जीव धोक्यात घालणाऱ्या भेटीगाठी ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या पैशांत हाती लागल्या, याचा प्रसारणाआधी कोणाला संशय येऊ नये, हे मला जास्त अस्वस्थ करतं. अवघड वस्तू एवढ्या सहज मिळाली की बाजारातला साधा गिऱ्हाईकही ती उलटीपालटी करून बघतो.

दुसरं उदाहरण २००७ चं. राणी एलिझाबेथवरच्या माहितीपटाच्या जाहिरातफितीत राणी छायाचित्रणाच्या बैठकीतून रागाने निघून जाते आहे असं दिसत होतं. प्रत्यक्षात ते दृश्य ती बैठकीला येत असतानाचं होतं, पुढचं मागे केलेलं. बीबीसीला माफी मागावी लागली आणि त्या वर्षी ऑक्टोबरात बीबीसी वनच्या प्रमुखांनी, पीटर फिंचम यांनी, राजीनामा दिला. कॅमेरा बैठकीच्या दिवशी खोटं बोलला नव्हता. क्रमाची उलटापालट झाली ती धंद्यातल्या मंडळींना माल दाखवण्यासाठी केलेल्या फितीत. खोटं विक्रीच्या टेबलावर जन्माला आलं.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल की माहितीपट म्हणजे जुळवाजुळवच, मग कुठली जुळवणी खरी आणि कुठली खोटी? प्रश्न जुनाच आहे. रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये बर्फाच्या घराच्या आतलं दृश्य आहे. ते घर अर्धंच बांधलेलं होतं, कारण पूर्ण घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना. नायकाचं खरं नावही नानूक नव्हतं. जॉन ग्रिअरसन या ब्रिटिश माहितीपटकाराने पुढे माहितीपटाची व्याख्याच ‘वास्तवाची सर्जनशील हाताळणी’ अशी केली, आणि तेव्हापासून प्रत्येक लबाड माणूस त्यातल्या ‘सर्जनशील’ या शब्दाआड लपत आला आहे. २०११ मध्ये बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या मालिकेतल्या ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांच्या जन्माचं दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणी उद्यानात घेतलेलं आहे, हे कळल्यावर गदारोळ झाला. मला विचाराल, तर त्यात फसवणूक फार नव्हती. रानातल्या अस्वलीच्या बिळात कॅमेरा घुसवणं पिल्लांच्या जिवावर बेतलं असतं, आणि अस्वल असंच जन्मतं हे खरंच होतं. निवेदनात एक वाक्य घातलं असतं तर काही बिघडलं नसतं, एवढीच माझी तक्रार.

माझी कसोटी साधी आहे. करणाऱ्याला स्वतःला जे ठाऊक आहे, त्याच्या विरुद्ध समजूत तो प्रेक्षकाच्या मनात मुद्दाम रुजवतो आहे का? रुजवत असेल तर थाप. एरवी मांडणी. मुलाखत झाल्यावर मुलाखतकाराच्या माना डोलावण्याचे शॉट वेगळे घेणं ही मांडणी. माणूस ‘मला राग आला नाही’ म्हणाला आणि त्यातलं ‘नाही’ कापलं, ही थाप. सीमारेषा बहुतेक वेळा दिसण्याइतकी ठळक असते. दिसत असूनही ती ओलांडावी का लागते, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात सापडत नाही. ते नोकरीच्या अटींत सापडतं.

म्हणून या माणसांच्या कारकिर्दी बघायला हव्यात. वन्यजीवांच्या माहितीपटांसाठी गाजलेले डेव्हिड ॲटनबरो १९५२ मध्ये बीबीसीत शिकाऊ म्हणून लागले तेव्हा त्यांनी टीव्ही जेमतेम पाहिलेला होता. दात फार मोठे दिसतात म्हणून त्यांना कॅमेऱ्यासमोर आणायला वरिष्ठ नाखूश होते. ‘झू क्वेस्ट’ ही मालिका १९५४ मध्ये सुरू झाली ती त्यांना निर्माता ठेवूनच; निवेदन करणार होते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे जॅक लेस्टर. लेस्टर आजारी पडले आणि निर्मात्यालाच पडद्यावर यावं लागलं. पुढे १९६५ मध्ये ते बीबीसी टूचे प्रमुख झाले, त्यांच्या कारकिर्दीत कलेच्या इतिहासावरची १३ भागांची ‘सिव्हिलायझेशन’ उभी राहिली, मग त्यांनी साहेबी खुर्ची सोडली, आणि १९७९ मध्ये ‘लाइफ ऑन अर्थ’ ही जीवसृष्टीवरची मालिका आली. शिकाऊ म्हणून लागल्यापासून तिथपर्यंत २७ वर्षं. या काळात त्यांनी चुका केल्या असतील, निष्फळ दौरे केले असतील. घरचं छप्पर मात्र प्रत्येक कार्यक्रमागणिक उडत नव्हतं.

किंवा ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ घ्या. १९७३-७४ मध्ये थेम्स टेलिव्हिजनने दाखवलेली दुसऱ्या महायुद्धावरची २६ भागांची ही मालिका करायला जेरेमी आयझॅक्स आणि त्यांच्या चमूला सुमारे चार वर्षं लागली. आयझॅक्सनी ठरवलं की गाजलेल्या सेनापतींच्या घोटून पाठ केलेल्या आठवणींपेक्षा त्यांचे सहायक, चिटणीस, साधे सैनिक आणि सामान्य नागरिक बोलते करायचे. नाझी नेता हिमलरचा अधिकारी राहिलेला कार्ल वोल्फ शोधून काढायला आणि राजी करायला सगळ्यांत कठीण गेला. शेवटी तो कॅमेऱ्यासमोर बसला आणि हिमलरच्या उपस्थितीत झालेलं सामूहिक हत्याकांड आपण डोळ्यांनी पाहिल्याचं त्याने कबूल केलं. असली कबुली वेळापत्रकात लिहून मिळत नाही. ती मिळाली नसती तरी मालिका उभी राहिली असती, आणि मला वाटतं, म्हणूनच ती खरी मिळाली. मागणाऱ्याची निकड समोरच्याला दिसली की तो एकतर पळतो किंवा हवं ते बोलतो.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवणारं उदाहरण ‘सेव्हन अप’चं आहे. १९६४ मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनने सात वर्षांच्या १४ मुलांवर एक कार्यक्रम केला. दिग्दर्शक होते पॉल आल्मंड. मायकेल ॲप्टेड नावाचा तरुण तेव्हा संशोधक होता. मुलं शोधायचं काम त्याचं. कार्यक्रम एकदाच व्हायचा होता. सात वर्षांनी कोणाला तरी वाटलं, की बघू या ती मुलं आता काय करतात. मग दर सात वर्षांनी ॲप्टेड परत जात राहिला. मधल्या काळात त्याने हॉलिवूडचे मोठे सिनेमे केले, जेम्स बाँडचाही केला, पण सात वर्षं भरली की हा गडी त्या माणसांच्या दारात. ‘६३ अप’ २०१९ मध्ये आला, आणि २०२१ च्या जानेवारीत ॲप्टेड गेला.

या मुलांतला एक पूर्व लंडनचा. लहानपणी त्याला घोड्यावर बसून शर्यती जिंकायच्या होत्या. तो २१ वर्षांचा असताना ॲप्टेडने मनाशी ठरवून टाकलं की हा पोरगा पुढे गुन्हेगारीत जाणार. आणि पुढच्या भागात उपयोगी पडेल म्हणून त्याला बदनाम गल्ल्यांतून फिरवून चित्रीकरणही करून ठेवलं. सात वर्षांनी बघतो तर मुलगा टॅक्सी चालवतोय, लग्न झालंय, पोरंबाळं आहेत. जमा केलेली सगळी रसद फुकट गेली. आपण देवासारखे वागायला गेलो, हे ॲप्टेडने पुढे उघडपणे कबूल केलं.

आता हीच गोष्ट आजच्या वेळापत्रकात बसवून बघा. मुलगा २१ वर्षांचा, चित्रीकरण सहा आठवडे, संकलन आठ आठवडे, प्रसारण, संपलं. प्रेक्षकांच्या डोक्यात तो कायमचा भावी गुन्हेगार. दिग्दर्शिकेला आपण चुकलो हे कधीच कळणार नाही, कारण ती तिथे पुन्हा जाणारच नाही. मधल्या काळात तिने आणखी नऊ कार्यक्रम केलेले असतील. त्यातही कोणाकोणाबद्दल असंच काहीतरी ठरवून टाकलेलं असेल. ॲप्टेड इतरांपेक्षा प्रामाणिक होता की नाही, मला ठाऊक नाही. चूक उघडी पडेपर्यंत त्याला तिथे थांबता आलं, एवढं मात्र दिसतं. या मालिकेतल्या एका सहभागी बाईने ‘४९ अप’मध्ये त्याला कॅमेऱ्यासमोरच सुनावलं. त्याच्या प्रश्नांनी आणि तिच्याविषयीच्या समजुतींनी ती इतकी वर्षं चिडलेली होती. १४ मुलांमध्ये मुली फक्त ४ घेतल्या, याचाही त्याला पुढे पश्चात्ताप झाला. ज्याचं चित्रण होतं त्याने उलटून बोलायला परत भेट व्हावी लागते. ती भेटच आपण धंद्यातून काढून टाकली आहे.

काढली कशी, तेही बघू. १९८२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये चॅनेल ४ सुरू झालं. ही वाहिनी स्वतः कार्यक्रम न करता बाहेरच्या कंपन्यांकडून करून घेणार होती. तिचे पहिले प्रमुख, योगायोगाने, हेच जेरेमी आयझॅक्स. १९९० च्या कायद्याने मोठ्या वाहिन्यांनाही त्यांच्या २५ टक्के कार्यक्रमांसाठी स्वतंत्र निर्मात्यांकडे जाणं भाग पाडलं. हेतू चांगला होता. तोवर हा धंदा म्हणजे ठरावीक विद्यापीठांतून आलेल्या ठरावीक गोऱ्या पुरुषांची बैठक होती. ‘सेव्हन अप’मध्ये मुली चारच का, याचं उत्तर त्या बैठकीत कोण कोण बसलं होतं यातच आहे. दारं उघडली, नवी माणसं आणि नवे विषय आत आले. पक्क्या नोकरीत आळसावलेले, पंधरा वर्षांत धड काही न केलेले महाभागही होतेच. त्या जमान्याचे पोवाडे गाणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि मीही विसरत नाही.

पण दारं उघडता उघडता घरच मोडलं. कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली, कंत्राट वर्षावरून महिन्यांवर आणि पुढे आठवड्यांवर आलं. त्यातच १९९५ च्या सुमाराला लहान डिजिटल कॅमेरे आले. १६ मिलिमीटरची ४०० फुटी रीळ साधारण ११ मिनिटांत संपायची. म्हणून बटण दाबण्याआधी दिग्दर्शकाला विचार करावा लागे आणि सोबत कॅमेरामन, त्याचा सहायक, ध्वनिमुद्रक, दिवेवाला एवढा लवाजमा असे. छोट्या कॅमेऱ्याने तो लवाजमा घरी बसवला. एकटी पीडी सगळं करू लागली. याचे फायदे खरे आहेत. एका माणसापुढे लोक मोकळे होतात, स्वयंपाकघरातही बसू देतात, पाच जणांच्या टोळक्याला देत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात विमानतळावरच्या आणि गाडी शिकवणाऱ्या शाळेतल्या सामान्य माणसांच्या मालिका गाजल्या, त्या या कॅमेऱ्यांच्या जिवावर.

तोटा फारसा कोणी मोजला नाही. तो लवाजमा म्हणजे साक्षीदार होते. ‘साहेब, हा माणूस असं म्हणाला नव्हता’ किंवा ‘आता पुरे, बाई रडतेय’ असं म्हणणारं कोणीतरी खोलीत असायचं. ध्वनिमुद्रकाच्या कानाला हेडफोन असायचा, त्याने प्रत्येक शब्द ऐकलेला असायचा. हे चौघे-पाच जण दिग्दर्शकाचे नोकर नव्हते, बरोबरीचे कारागीर होते, आणि त्यांचं तोंड कायम नोकरीने शाबूत ठेवलेलं होतं.

याहून मोठा तुकडा संकलनात पडला. पूर्वी जिने चित्रीकरण केलं ती संकलकाबरोबर अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे बसायची. आता कित्येक कार्यक्रमांत तिचं कंत्राट चित्रीकरणाबरोबर संपतं आणि पुढे ‘एडिट प्रोड्युसर’ नावाची वेगळी व्यक्ती येते. तिच्यापुढे शंभर तासांचे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, असतं. त्यातला एकही माणूस तिला भेटलेला नसतो. कोणाला काय शब्द दिला होता, कुठल्या वाक्यानंतर कोण उठून गेलं, हसू खरं होतं की ओशाळवाणं, हे फायलीत लिहिलेलं नसतं. हे काम करणाऱ्यांत अत्यंत कुशल माणसं आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विश्वास एकीने कमवायचा आणि तो खर्च करायचा दुसरीने, ही वाटणीच चमत्कारिक आहे. घरच्या व्यवहारात आपण कोणाला असं करू देत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रामाणिक माणूस कुठल्याही परिस्थितीत प्रामाणिक राहतो, तुम्ही नीतिमत्तेचं ओझं व्यवस्थेच्या गळ्यात घालून माणसांना मोकळं सोडता आहात, असं म्हणतात. अशी माणसं आहेतच. भाडं थकलेलं असताना ‘हे मी कापणार नाही’ म्हणून कामावरून उठून गेलेली. पण उठून गेल्यावर कार्यक्रम थांबत नाही. तिच्या जागी दुसरी येते आणि तेच कापते. एकटीच्या प्रामाणिकपणाने तिचं मन स्वच्छ राहतं, पडद्यावरचं चित्र स्वच्छ होत नाही.

ते स्वच्छ राहायला मागे काहीतरी भक्कम उभं असावं लागतं. १९८८ च्या मार्चमध्ये जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश लष्कराच्या जवानांनी आयआरए या ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेच्या तीन निःशस्त्र सदस्यांना गोळ्या घातल्या. थेम्स टेलिव्हिजनच्या ‘धिस वीक’च्या चमूने साक्षीदार शोधले आणि एप्रिलअखेर ‘डेथ ऑन द रॉक’ तयार केला. सरकारने, थेट परराष्ट्रमंत्र्यांनी, प्रसारण पुढे ढकलावं म्हणून नियामकावर दबाव आणला. नियामक बधला नाही आणि कंपनीही. पुढे एका साक्षीदाराने आपला शब्द फिरवला, वृत्तपत्रांनी झोड उठवली. तेव्हा कंपनीने बाहेरच्या मान्यवरांकडून चौकशी करवली आणि तो अहवाल प्रसिद्ध केला. काही त्रुटी दाखवूनही अहवालाने एकंदर कार्यक्रम उचलून धरला. आता कल्पना करा, हाच कार्यक्रम सहा आठवड्यांच्या कंत्राटावरच्या एका पीडीने केलेला आहे, कंपनीत सात माणसं आहेत आणि पुढचं कमिशन, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाचं काम, त्याच वाहिनीकडून यायचं आहे. परराष्ट्रमंत्र्यांना फोन करायचीही गरज पडणार नाही. विषय प्रस्तावाच्या पानावरच मरेल, आणि मेलेला कोणाला कळणारही नाही.

अलीकडे याचं आणखी एक गुळगुळीत रूप आलं आहे. ज्याच्यावर माहितीपट करायचा तोच निर्मात्यांच्या पंगतीत बसतो. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनवरची १० भागांची ‘द लास्ट डान्स’ २०२० मध्ये आली. तिच्या निर्मितीत त्याच्या स्वतःच्या कंपनीचा सहभाग होता. केन बर्न्ससारख्या मुरलेल्या माहितीपटकाराने त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमवरची २०२३ ची ‘बेकहॅम’ ही मालिका तर बेकहॅमच्याच स्टुडिओच्या निर्मितीत झाली. दोन्ही मालिका रंगतदार आहेत, मी दोन्ही एका बैठकीत पाहिल्या, खोटं कशाला बोलू. पण त्यांना माहितीपट म्हणणं म्हणजे वधूपक्षाने छापलेल्या परिचयपत्राला चरित्र म्हणणं. इथल्या दिग्दर्शकाला ‘नाही मिळालं’ म्हणायची वेळच येत नाही. सगळं मिळतं, देणाऱ्याला द्यायचं असतं तेवढं.

मग इंटरनेटवरचे स्वतंत्र करणारे? त्यांना ना कमिशनिंग एडिटर, ना प्रस्तावाचं पान. काही जण चकित करणारं काम करत आहेत आणि माझी थोडी आशा तिथे आहेही. पण त्यांचा मालक अदृश्य आहे एवढाच फरक. दर आठवड्याला काहीतरी टाकलं नाही तर अल्गोरिदम विसरतो. रिकामा आठवडा तिथे सगळ्यांत महाग पडतो.

या सगळ्यात एक अपवाद डोळ्यांसमोर आहे, आणि तो टीव्हीनेच तयार केलेला आहे. वन्यजीवांचे कार्यक्रम. २००६ च्या ‘प्लॅनेट अर्थ’च्या प्रत्येक भागाच्या शेवटी दहाएक मिनिटं चित्रीकरणाची कहाणी असायची. थंडीत कुडकुडत दिवसचे दिवस लपून बसलेला कॅमेरामन, आणि प्राणी काही येत नाही. प्रेक्षकांना ते आवडायचं. हिमबिबट्या न दिसणं हा गोष्टीचाच भाग होता, आणि शेवटी तो दिसला तेव्हा त्यावर विश्वास बसला तो आधीच्या न दिसण्यामुळे. म्हणजे बिबट्याने वेळेवर यावं अशी अट आपण घालत नाही. माणसाने मात्र सहा आठवड्यांत रडावं, चिडावं, सुधारावं आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी बापाच्या गळ्यात पडावं, ही अट आपण पानावर लिहून घेतो.

यामागे पैशांचं गणित आहे, हे उघड आहे. बिबट्या वीस वर्षं जगभर विकता येतो, त्याला भाषा नसते. एका गावातल्या बापलेकांचा अबोला विकत नाही. म्हणूनच हा प्रश्न बाजारावर सोडून चालणार नाही. सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या वाहिन्यांनी तरी आपल्या तथ्याधारित कार्यक्रमांच्या खर्चात अपयशाचा हिस्सा आधीच धरावा. दहातले दोन कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार नाहीत, एखादा होणारच नाही, असं गृहीत धरून. प्रस्तावात शेवट लिहून मागू नये. प्रश्न काय आहे आणि तो विचारायला ही व्यक्ती का लायक आहे, एवढंच मागावं. आणि जिने माणसांना शब्द दिला तिला शेवटचा कट होईपर्यंत, आणि प्रसारणानंतरही काही महिने, पगारावर ठेवावं. ब्रिटनच्या नियामकाने, ऑफकॉमने, २०२१ पासून कार्यक्रमांत सहभागी होणाऱ्यांच्या काळजीचे नियम कडक केले. स्वागतच आहे. पण ती काळजी घेणार कोण, हे नियमात लिहून भागत नाही, वेतनपत्रकात लिहावं लागतं.

हे वाचून एखादा वाहिनीवाला म्हणेल, की आधीच कमिशनं आटली आहेत, निम्मे पीडी घरी बसलेत, आणि तुम्हाला अपयशाची तरतूद सुचते. सुचते, कारण तुटवड्यातच ‘मिळालं’ म्हणायचा दाब सगळ्यांत वाढतो. कामासाठी रांगेत चाळीस जणी उभ्या असताना ‘बाप-लेक बोलतच नाहीत हो’ असं सांगायला परत येणारी रांगेत शेवटी जाते.

कार्यक्रम प्रसारित होतो त्या रात्री त्या बापलेकांतला मुलगा पहिल्यांदा स्वतःला पडद्यावर बघतो. आपण म्हटलेलं एक वाक्य दुसऱ्याच प्रसंगात जाऊन बसलंय, हे त्याच्या लक्षात येतं. शेजारी बाप बसलेला असतो. मुलगा मोबाइल उचलतो आणि चार महिने घरी येऊन चहा पीत बसणाऱ्या, नावाने हाक मारणाऱ्या त्या पीडीला फोन लावतो. तिचं कंत्राट बारा आठवड्यांपूर्वी संपलेलं आहे. ती दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीसाठी, दुसऱ्याच कोणाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा घेऊन बसलेली आहे, आणि चित्रीकरण चालू असताना मोबाइल बंद ठेवावा लागतो.